येळवशीला उपकार कुणाचे मानायचे?

मार्गशीर्षातली अमावस्या आली की लातूर शहर ओस पडते. दुकानांना कुलपे, गंजगोलाईत भर दुपारी चिटपाखरू नाही, जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी जाहीर केलेली. लातूर, धाराशिव, शेजारचा बीदर आणि नांदेडचे लातूरला लागून असलेले तालुके त्या दिवशी शिवारात जेवतात. ज्वारीच्या कडब्याची कोप, कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या पोळ्या. आंबील पिकावर शिंपडताना जी हाक दिली जाते ती धड मराठी नाही, कानडी वळणाची आहे. अर्थ विचारला तर हाक देणाऱ्यालाही सांगता येत नाही. सांजेला पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फेरी होते. पंचांगात वेळ अमावस्या, आपल्या बोलीत येळवस.

या दिवसाच्या आठवडाभर आधीपासून आपल्या मोबाइलवर संदेश येऊ लागतात. काळ्या आईप्रती कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण, अन्नदात्याचा सण, वगैरे. त्यात एक वाक्य हमखास असते: या दिवशी जातपात, गरीब-श्रीमंत काही उरत नाही, ज्याला शेत नाही त्यालाही शेतावर बोलावून पोटभर जेवू घालतात. दरवर्षी हे वाक्य वाचून आमचा घास अडतो. ज्याला शेत नाही त्यालाही! त्याला शेत का नाही, हे मात्र त्या संदेशात कधी लिहिलेले नसते. आणि ज्याच्याकडे शेत नाही, त्यानेच त्या शेतातली ज्वारी खुरपली, तूर कापली, सोयाबीन काढले, हेही लिहिलेले नसते.

भज्जीबद्दल आमची काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्यातले अनेकजण मित्राच्या शेतात जाऊन दोनदा वाढून घेतात. प्रश्न जेवणाचा नाही. सुगीच्या दिवसांत आभार कुणी कुणाचे मानायचे, हा आहे. या प्रश्नाला मराठवाड्यात मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या तरुण मुलांना नीट माहीत नाही. म्हणून हा लेख.

आधी खळ्यावर जाऊ. आज मळणीयंत्र तासाभरात काम उरकते, पण आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात सुगी म्हणजे महिनाभराचा उद्योग होता. शेतातच जागा चोपून, शेणाने सारवून खळे करायचे, मध्ये तिवडा रोवायचा, त्याभोवती बैलांची पात फिरवायची, मग वाऱ्याची वाट बघत उपणायचे आणि धान्याची रास घालायची. रास पडली की गावकामगार खळ्यावर येत. सुताराने वर्षभर औत-पाभर दुरुस्त केलेली, लोहाराने फाळ शेवटलेला, चांभाराने मोट आणि आसूड शिवलेले, मांगाने दावी, कासरे, नाडे वळून दिलेले, त्याच्याच केरसुणीने खळे झाडलेले. महाराने तर काय केले नव्हते? गावची शीव राखली, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवले, सारा भरायला लोकांना चावडीवर बोलावले, पाटलाच्या वाड्यावर सरपण फोडले, मेलेले ढोर ओढले, रात्री गस्त घातली. या सगळ्यांचा वर्षाचा मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते.

आता बारकाईने बघा. हे बलुते म्हणजे मजुरी होती. काम आधी, मोबदला नंतर, तोही वर्षाने एकदा, तोही पीक आले तर. उधारीवर काम करून घेणाऱ्याने खरे तर घेणेकऱ्याचे आभार मानायला हवेत. पण खळ्यावरचे चित्र उलटे होते. घेणेकरी हात पसरून उभा आणि देणेकरी दाता होऊन राशीवर बसलेला. किती पायल्या घालायच्या हे देणाऱ्याच्या मर्जीवर. स्वच्छ धान्य आधी घरच्या कणगीत जायचे आणि आपल्या माणसांच्या पदरात बहुतेक वेळा तळाचे, खड्यामातीत मिसळलेले मातेरे पडायचे. ते पदरात घेताना म्हणायचे काय, तर ‘जोहार मायबाप’.

एका शब्दात सगळा व्यवहार फिरला. मजुरीचे दान झाले, मजुराचा याचक झाला. रोजची भाकर तशीच. येसकराची पाळी ज्या घराची असेल त्या घरातला माणूस संध्याकाळी काठी आपटत दारोदार फिरायचा आणि उंबऱ्याबाहेरून टोपलीत भाकरतुकडा टाकला जायचा. दिवसभर गावाने त्याच्याकडून काम करून घेतलेले असायचे, तरी संध्याकाळी त्याला भिकाऱ्याच्या थाटात उभे केले जायचे. आमच्या मते अस्पृश्यतेचे हे सर्वांत कपटी हत्यार होते. माणसाला मारझोड करून गुलाम ठेवायला रोज मेहनत पडते. स्वतःच्या घामाच्या भाकरीबद्दल त्याला कृतज्ञ राहायला शिकवले की मेहनत वाचते.

१९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाले. गावगाड्यावरचे ते आजही प्रमाण पुस्तक मानले जाते, आणि माहिती म्हणून ते आपल्या मुलांनी वाचावे असे आम्हालाही वाटते. पण त्यातला सूर कोणता? बलुतेदार-अलुतेदारांचा कुणब्यावर किती बोजा पडतो, ही तक्रार पुस्तकभर आहे. सुगीला खळ्यावर मागणाऱ्यांची रीघ लागते आणि कुणबी नागवला जातो, असे ते चित्र. कुणबी सावकाराकडून आणि सरकारकडून नागवला जात होता हे खरेच. फुले यांनी ते कितीतरी आधी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले होते. परंतु खळ्यावर आलेला महार किंवा मांग आपली थकलेली मजुरी न्यायला आला आहे, ही साधी गोष्ट एका अभ्यासू सरकारी अधिकाऱ्यालाही दिसू नये, यातच सगळे आले.

हक्काची भाषा आपल्याकडे नव्हती का? होती. आपल्या भागात तर विशेष होती, कारण बावन हक्कांची कथा बीदरची, म्हणजे उदगीर-देगलूरच्या शेजारची. बीदरच्या बादशहाच्या पदरी अमृतनाक नावाचा महार शूर शिपाई होता. बेगमेला शत्रूने पळवले तेव्हा तो तिला सोडवायला निघाला आणि जाताना एक बंद डबी बादशहाच्या स्वाधीन करून गेला. बेगमेला घेऊन परतल्यावर दरबारात त्याच्या चारित्र्यावर शंका घेतली गेली. डबी उघडली तर कळले की त्याने जाण्यापूर्वीच स्वतःचे पुरुषत्व कापून ठेवले होते. बादशहाने काय हवे ते माग म्हटले तेव्हा त्याने स्वतःसाठी काही न मागता आपल्या लोकांसाठी बावन हक्कांची सनद मागितली. गावोगावचे म्हातारे ही कथा अभिमानाने सांगत. कुणी नाव वेगळे सांगते, कुणी तपशील.

हा इतिहास नव्हे, दंतकथा आहे. पण दंतकथेतूनही समाजाचे मन कळते. या कथेत आपले लोक सांगत होते की खळ्यावर मिळते ती भीक नाही, आमच्याकडे सनद आहे. इथपर्यंत ठीक. पण ती सनद मिळाली कशी? एका माणसाने स्वतःच्या शरीराचा बळी देऊन निष्ठा सिद्ध केली तेव्हा, बक्षीस म्हणून. म्हणजे आपल्या स्वप्नातला हक्कसुद्धा धन्याच्या मेहेरबानीतूनच येत होता. हक्क मागायचा तरी आधी आपण किती इमानी आहोत हे दाखवायचे. एवढी ती गुलामगिरी खोल गेलेली होती.

ही गाठ नेमकी ओळखली बाबासाहेबांनी. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी महारांच्या वतनावर लिहायला सुरुवात केली आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. हे विधेयक आपल्या चळवळीत वतनाच्या जमिनींपुरते सांगितले जाते. जमिनीचा पूर्ण सारा घ्या, ती जमीन महाराच्या मालकीची करा आणि त्याला वेठीतून मोकळे करा, ही त्यातली मागणी प्रसिद्धच आहे. पण त्यातली बलुत्याबद्दलची तरतूद आमच्या मते तितकीच क्रांतिकारक होती. बलुत्याची रक्कम ठरवा, ती सरकारने साऱ्याबरोबर रयतेकडून वसूल करावी आणि सरकारनेच महाराला पगार म्हणून द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते.

थांबून विचार करा, याचा अर्थ काय होतो. महाराने खळ्यावर जायचेच नाही. पदर पसरायचा नाही, राशीकडे बघत उभे राहायचे नाही, जोहार घालायचा नाही. पोस्टमनला पगार मिळतो तसा त्यालाही मिळेल. पोस्टमन पत्र देऊन वर दारात हात जोडून उभा राहत नाही. अर्थशास्त्राच्या डॉक्टरने एका कलमात जोहार रद्द करायला घेतला होता! सभागृहाने त्या विधेयकाची वाट लावली आणि १९२९मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. धान्य गेले तर चालेल, पण खळ्यावरचा तो नमस्कार गेला तर आपले मोठेपण काय उरले, ही भीती त्या विरोधामागे होती असे आम्हाला ठामपणे वाटते.

अर्थात ते मुंबई इलाख्याचे सभागृह. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. नांदेड जिल्हा होता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. लातूर जिल्हा झाला तो १९८२मध्ये. मुंबईतले विधेयक मंजूर झाले असते तरी आपल्या खळ्यांवर त्याचा अंमल झाला नसता. इथे देशमुख-देशपांडे होते, जहागिरी होत्या, वेठ होती, पाडव्याला साल ठरवून कर्जात अडकलेला सालगडी होता. तरीही विचाराला सरहद्द अडवू शकली नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली आणि बाबासाहेब तिथे आले. ‘जय भीम’ हे अभिवादन मराठवाड्यात या परिषदेपासून रुजले, असे आपली चळवळ सांगत आली आहे. महिना लक्षात घ्या. डिसेंबरची अखेर, तूर काढणीला आलेली, शाळू निसवलेला. वर्षातले जे दिवस जोहार घालण्याचे, त्याच दिवसांत माणसे दुसरे अभिवादन शिकून घरी परतली. आम्हाला वाटते, बलुत्याच्या व्यवस्थेला मराठवाड्यात पहिला तडा गेला तो या एका अभिवादनाने. ‘जय भीम’ म्हणणारा माणूस मायबाप म्हणत नाही.

मग १९५६ उजाडले. दीक्षाभूमीवरून परतलेल्या आपल्या माणसांनी गावोगाव ढोरे ओढणे बंद केले, पाळीची भाकर मागणे बंद केले. आज आपण हे एका वाक्यात सांगतो. त्या घरांमध्ये ते वाक्य कसे जगले गेले असेल? जमीन नाही, धंदा नाही, आणि वर्षाकाठी जे काही मातेरे यायचे तेही आपण होऊन सोडायचे. गावाने उत्तर दिले बहिष्काराने. कामाला बोलावणे बंद, वाण्याकडे सौदा बंद, पाणी बंद. आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून त्या वर्षांची कहाणी ऐकली असेल: तरवट्याची भाजी, हुलग्याचे माडगे, आणि पोरांनी भाकर मागितली की विषय बदलणारी आई. त्या बायकांनी काय सोडले याचा हिशेब कुठल्याही गौरवग्रंथात नाही. पुरुषांनी सभेत ठराव केले. चूल मात्र बायकांनी उपाशी ठेवली.

याच सुमारास जमिनीचा प्रश्न पुढे आला, आणि तो पुढे येणे अटळ होते. जोहार सोडला, आता खायचे काय? १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला होता. पश्चिम महाराष्ट्रात १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यात बायका होत्या, कडेवर पोरे होती, आपलेच नव्हे तर इतर जातींचे भूमिहीनही होते. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातीधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे वर्गच उरणार नाहीत, असे मांडले होते. पडीक जमिनीचा एक तुकडा मागणारा सत्याग्रह हे त्याचे अगदी लहान रूप. तेवढेही सरकारला जड गेले.

जोहार सोडल्याची किंमत पुन्हा मागितली गेली ती १९७८मध्ये. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडी पेटली. नांदेड जिल्ह्यात सर्वांत जास्त होरपळ झाली. घरे जळाली आणि घरांबरोबर कणग्याही. ४ ऑगस्टला टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना मारले गेले. मरतानाही त्यांनी ‘जय भीम’ सोडला नाही, ही आठवण चळवळीने जपली आहे. विद्यापीठाच्या नावाशी काहीही संबंध नसलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे एवढी का पेटली, असे पुढे बरेच जण विचारत. दंगलीनंतर गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांना उत्तर मिळत होते: हे लोक माजले, गावकीची कामे करत नाहीत, गायरानात पेरतात, गावाचे उपकार विसरले. उपकार! नाव विद्यापीठाचे होते, पण हिशेब खळ्यावरचा होता. २२ वर्षे न घातलेल्या जोहाराची ती वसुली होती.

पुढे १९९३च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले आणि १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. हाही दिवस सुगीतलाच. ६ डिसेंबर, २५ डिसेंबरचे मनुस्मृती दहन, १ जानेवारी, ३ जानेवारीला सावित्रीमाई, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन. शाळूला कणीस धरते तिथपासून हुरड्यापर्यंत आपले अर्धे कॅलेंडर उरकते. येळवस त्यातच कुठेतरी येते. म्हणून आपल्याला सुगीचा सण नाही, आपण सगळेच नाकारत बसतो, असे जे म्हटले जाते ते आम्हाला पटत नाही.

आता खरा वाद. कृतज्ञता हे मूल्यच आपण टाकून द्यायचे का? काही तरुण मित्र म्हणतात, हो, हा सगळा सरंजामी शब्द आहे. आमचे मत वेगळे आहे. धम्मात ‘कतञ्ञुता’ आहे आणि मंगल सुत्तात तिची गणना उत्तम मंगलांमध्ये केलेली आहे. ती कुणाप्रती आणि कशाच्या बदल्यात, एवढेच पाहायचे. सुत्तनिपातात कसिभारद्वाजाची गोष्ट येते. मगधातल्या एकनाळा गावात पाचशे नांगर चालवणारा हा ब्राह्मण. पेरणीच्या वेळी अन्न वाटप चालले असताना तथागत तिथे उभे राहतात. तो म्हणतो, मी नांगरतो, पेरतो, मग खातो. तूही नांगर आणि खा. तथागत सांगतात की मीही नांगरतो, आणि मनाच्या मशागतीचे रूपक गाथेतून उलगडतात. ब्राह्मण खूश होऊन खिरीचे ताट पुढे करतो. इथे तथागत ती खीर नाकारतात. गाथा म्हटल्याच्या बदल्यात आलेले अन्न मला चालत नाही, असे ते सांगतात. आपल्या पूर्वजांना तर उलटे शिकवले गेले होते: आधी धन्याचे गुण गा, मग पदर पसर.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अगदी आरंभीच्या भागात घेतली आहे. सिद्धार्थ मित्रांबरोबर वडिलांच्या शेतावर जातो. उन्हात, अंगावर पुरेसे कपडे नसताना राबणारे मजूर त्याला दिसतात. एकाने राबायचे आणि दुसऱ्याने त्याच्या श्रमावर जगायचे हे बरोबर आहे का, असे तो मित्रांना विचारतो. मित्र गप्प बसतात, कारण मजूर सेवेसाठीच जन्मला आहे हे त्यांच्या डोक्यात बसलेले आहे. लगेच पुढे बाबासाहेब शाक्यांच्या वप्रमंगल सणाचे वर्णन करतात. पेरणीच्या दिवसाचा हा सण, आणि त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा अशी रीत. सिद्धार्थ ती नेमाने पाळत असे. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवण्यात बाबासाहेबांचा हेतू आहे, असे आम्ही मानतो. शेतीचा सण असावा. पण त्या दिवशी मालकाने पंगतीत बसण्याआधी नांगर धरावा आणि राबणाऱ्याबद्दलचा प्रश्न विचारावा. आज येळवशीला कोपीसमोर सेल्फी काढणाऱ्या बागायतदाराला ही रीत सुचवून पाहा.

पण बोट फक्त तिकडे दाखवून चालणार नाही. आपल्यातही आता लातूर-नांदेडला बंगला बांधलेले, गावाकडे पाच-दहा एकर घेतलेले लोक आहेत. चांगलेच आहे. त्यांच्या शेतात सोयाबीन काढायला कोण येते? कंधार-मुखेडकडची, बहुतेक आपलीच किंवा मातंग वस्तीतली टोळी, एकरी गुत्त्याने. बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी, तीही ‘पुढच्या बाजाराला देतो’ म्हणून लोंबकळलेली. आमच्यातल्या एकाने स्वतःच्या भावकीत हे पाहिले आहे. घरात बाबासाहेबांचा फोटो, ओट्यावर तीन बाया पैशासाठी तासभर बसलेल्या, आणि मालक बाहेर येऊन म्हणतो की तुम्हाला काम दिले याची जाण ठेवा. जाण ठेवा! खळे गेले, मळणीयंत्र आले, जोहार मात्र ओट्यावर येऊन बसला.

सरव्याचेही तसेच. पीक काढून झाल्यावर शेतात पडलेले दाणे, शेंगा वेचायला बायका जातात. पूर्वी कुणी सहसा अडवत नसे. आता सोयाबीनला भाव आला तसे काही ठिकाणी सरवा वेचणाऱ्यांना हाकलून लावतात, काही ठिकाणी निम्मा वाटा मागतात. आणि ज्यांची पोरे-माणसे या दिवसांत कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात, त्यांना येळवस कसली? ती उचल फेडत असतात. येळवशीच्या कोणत्या संदेशात त्यांची आठवण असते?

त्यामुळे आम्ही यंदा आमच्या गटापुरते एवढे ठरवले आहे. ज्यांनी ज्यांनी शेत घेतले आहे त्यांनी अमावस्येच्या आधी मजुरीची बाकी शून्य करायची, बाईची आणि गड्याची हजेरी सारखी धरायची. मग कोप घालायची तर घाला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने दगड पूजायचे नाहीत, पण भज्जी खायला कुठलीही प्रतिज्ञा आड येत नाही. पंगतीत पहिल्यांदा टोळीतल्या बायका बसतील आणि वाढायला मालक असेल.

आणि गायरानाचे काम या सुगीतच उरकायचे आहे. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी झाली होती. तरीही मराठवाड्यात कितीतरी कुटुंबे दोन-तीन पिढ्या गायरान कसत आहेत आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश जगपाल सिंग खटल्यात दिला, तेव्हापासून प्रत्येक तहसीलमध्ये त्याचा धाक दाखवला जातो. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदवलेला आहे, हे मात्र नोटीस देणारा सांगत नाही. आपण सांगायचे.

त्यासाठी कागद लागतात. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही असते. तिची नक्कल अर्ज करून घ्या. जुने पीकपाहणीचे उतारे काढा. आणि घरातल्या म्हातारीला विचारा. वर्षानुवर्षे गायरान पेरल्याबद्दल सरकारने जो दंड केला, त्याच्या पावत्या अनेक घरांत जपून ठेवलेल्या आहेत. दंड भरला याचा अर्थ त्या वर्षी त्या रानात तुमचे पीक होते, हे सरकारने स्वतःच्या सहीने मान्य केले. आम्ही गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीत बसलो होतो, तेव्हा एका आजीने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या अशा पावत्या काढून आमच्यासमोर ठेवल्या. सगळ्यात जुनीवरची शाई पुसट झाली होती. तिला वाचता येत नव्हते, पण कोणती पावती कोणत्या साली, आणि त्या साली रानात काय पेरले होते, हे तिने एकेक करून सांगितले.